पुलांचे संरचनात्मक परीक्षण

पुलांचे संरचनात्मक परीक्षण म्हणजे वापरात असलेल्या पुलाची सद्यस्थिती तपासणे, त्याच्या भागांची झालेली झीज मोजणे, त्याची उरलेली भारवहन क्षमता ठरवणे आणि पुढील काळात त्या स्थितीत होणाऱ्या बदलांवर लक्ष ठेवणे, ही स्थापत्य अभियांत्रिकीतील प्रक्रिया होय. प्रशासकीय व्यवहारात आणि वृत्तपत्रांत तिला 'स्ट्रक्चरल ऑडिट' किंवा 'संरचनात्मक लेखापरीक्षण' असेही म्हणतात. मोठे पूल, उड्डाणपूल, रेल्वेपूल आणि पादचारी पूल यांबरोबरच मोऱ्या, फरशी पूल आणि कोकणातील साकव यांसारख्या लहान बांधकामांनाही ही प्रक्रिया लागू पडते.

पुलाचे वय हे त्याच्या धोक्याचे एकमेव माप नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ सुस्थितीत असलेले दगडी पूल अनेक ठिकाणी वापरात आहेत, तर गोव्यातील मांडवी नदीवरील काँक्रीटचा पूल वापरात आल्यापासून सुमारे दीड दशकात कोसळला. पूल कोणत्या साहित्याचा आहे, झीज कोणत्या भागात होत आहे, ती बाहेरून दिसते की नाही आणि तो भाग निकामी झाल्यास भार पेलणारा दुसरा मार्ग आहे की नाही, या बाबी वयापेक्षा अधिक महत्त्वाच्या असतात. त्यामुळे परीक्षणात पाहणी, मोजमाप, गणित आणि निर्णय असे टप्पे एकापाठोपाठ येतात. यांपैकी एक टप्पा कच्चा राहिला, तरी उर्वरित टप्प्यांचा उपयोग मर्यादित होतो.

झिजेची कारणे

काँक्रीटमधील सळयांचा गंज

ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचे पीएच मूल्य साधारणपणे १२.५ ते १३ असते. अशा वातावरणात पोलादी सळईवर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर तयार होतो व सळई गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू शिरून त्याची अल्कधर्मिता कमी करतो. या क्रियेला कार्बनीकरण म्हणतात. पीएच मूल्य ९ च्या आसपास उतरले की संरक्षक थर नाहीसा होतो.

कार्बनीकरणाची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणार्थ, एखाद्या पुलात २५ वर्षांत २० मिलिमीटर खोलीपर्यंत कार्बनीकरण झाले असेल, तर ४० मिलिमीटर खोली गाठण्यास बांधकामापासून सुमारे १०० वर्षे लागतील. म्हणून सळईवरील काँक्रीटच्या आवरणाची जाडी निम्मी झाली, तर संरक्षणाचा काळ निम्मा न राहता जवळपास एक चतुर्थांश होतो.

समुद्रकिनारी आणि खाडीवरील पुलांना क्लोराइड क्षारांचा धोका अधिक असतो. क्लोराइड सळईपर्यंत पोहोचल्यावर काँक्रीटची अल्कधर्मिता टिकून असतानाही संरक्षक थर ठिकठिकाणी फुटतो आणि सळईला खड्डे पडतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात व लाटांचे तुषार उडतात त्या भागात खांबांची झीज सर्वांत जलद होते, कारण तेथे क्षार, ओलावा आणि प्राणवायू हे तिन्ही एकत्र मिळतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असू शकते. त्याच्या दाबाने काँक्रीटला सळईच्या दिशेने तडे जातात आणि अखेरीस आवरणाचे पोपडे सुटतात.

पूर्वताणित काँक्रीटमधील केबलांचा गंज

पूर्वताणित काँक्रीटच्या पुलात अतिशय मजबूत तारांच्या केबली ताणून बसवलेल्या असतात. त्या नळ्यांतून ओवतात व नंतर नळ्यांत ग्राऊट, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण, भरले जाते. भरताना पोकळी राहिली किंवा सांध्यांतून पाणी झिरपले, तर आतल्या तारा गंजतात. सतत मोठ्या ताणाखाली असल्यामुळे अशी तार थोड्या गंजानेही तुटू शकते. साध्या सळईच्या गंजाची सूचना तडे आणि पोपडे यांवरून बहुधा आधी मिळते. केबलच्या गंजाची तशी सूचना मिळेलच असे नाही. १९८५ मध्ये वेल्समधील इनिस-इ-ग्वास हा पूल कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळला. त्यानंतरच्या काळात, १९९२ मध्ये, ब्रिटनने ग्राऊट भरलेल्या केबलांच्या नव्या पुलांवर काही वर्षांसाठी बंदी घातली होती.

पोलाद आणि धातूचा थकवा

पोलादी पुलात गंजाने पत्र्याची जाडी कमी होते. पाणी व कचरा साचणारे कोपरे, बेअरिंगजवळची टोके आणि रस्त्याच्या सांध्यांखालचा भाग येथे गंज प्रथम धरतो. दुसरे कारण धातूचा थकवा हे आहे. प्रत्येक अवजड वाहनाबरोबर किंवा गाडीबरोबर पुलातील ताण वाढतो आणि कमी होतो. लक्षावधी आवर्तनांनंतर रिव्हेटच्या छिद्राजवळ किंवा वेल्डिंगच्या टोकाशी सूक्ष्म भेग निर्माण होते. ताणातील चढउतार दुप्पट झाला, तर थकव्याच्या दृष्टीने पुलाचे आयुष्य सुमारे एक अष्टमांश होते. त्यामुळे मर्यादेपेक्षा जास्त भरलेली वाहने संख्येने थोडी असली, तरी त्यांचा परिणाम मोठा असतो.

दगडी कमानी

दगडी कमानींचे पूल मुख्यतः दाबाखाली काम करतात व त्यांत गंजणारा घटक नसल्याने ते दीर्घायुषी असतात. दरजांतील चुना पाण्याबरोबर वाहून जाणे, दगड निसटणे, वड-पिंपळाची मुळे दरजांत शिरणे, कमानीवरील भरावात पाणी साचून बाजूच्या भिंती फुगणे ही त्यांच्या झिजेची नेहमीची लक्षणे आहेत. कमान आपला भार बाजूच्या आधारांवर तिरका ढकलते. त्यामुळे एक खांब खचला की त्याला लागून असलेल्या दोन्ही कमानी धोक्यात येतात.

पायाखालची खरवड

पुराच्या वेगवान प्रवाहात खांबाभोवती भोवरे निर्माण होऊन नदीच्या तळाची वाळू व माती उपसली जाते. या क्रियेला खरवड म्हणतात. नदीवरील पूल कोसळण्याच्या प्रमुख कारणांत तिचा समावेश होतो. पूर ओसरताना वाहत आलेला गाळ त्याच खड्ड्यात पुन्हा बसतो. त्यामुळे नंतर पाहणी करणाऱ्याला तळ पूर्ववत दिसतो, परंतु त्या भुसभुशीत गाळाला पायाचा आधार होण्याइतकी घट्टता नसते. पात्रातील बेसुमार वाळूउपशामुळे तळाची सर्वसाधारण पातळी खाली जाते आणि खरवडीचा धोका वाढतो. १९८७ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकवरील महामार्गाचा पूल पुरात खरवडीमुळे कोसळून १० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर पाण्याखालील तपासणीला तेथे अधिक महत्त्व आले.

तपासणीचे प्रकार

भारतात रस्त्यांवरील पुलांच्या तपासणीसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:एसपी:३५ ही मार्गदर्शक पुस्तिका वापरली जाते. तपासणीचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

- नियमित तपासणी: ठरावीक कालांतराने, मुख्यतः डोळ्यांनी केलेली पाहणी. महाराष्ट्रात ती पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर करण्याची पद्धत आहे.
- मुख्य तपासणी: पुलाच्या प्रत्येक भागाची हाताच्या अंतरावरून केलेली सविस्तर तपासणी. यासाठी शिडी, परांची, होडी किंवा कठड्यावरून पुलाखाली पोहोचणारे फिरते तपासणी वाहन वापरतात.
- विशेष तपासणी: पूर, भूकंप, वाहनाची किंवा जहाजाची धडक, असाधारण अवजड वाहतूक अथवा आधीच्या तपासणीत आढळलेला गंभीर दोष यांनंतर केलेली तपासणी.

पाहणीत तड्यांची लांबी, रुंदी आणि दिशा, गंजाचे डाग, पांढरे क्षार, पाझर, बेअरिंगची स्थिती, प्रसरण सांध्यांमधील अंतर, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या, खांबांचा कल आणि पात्रातील बदल यांची नोंद होते. तडा केवळ आहे एवढे लिहून भागत नाही. तो वाढत आहे की स्थिर आहे हे महत्त्वाचे असते. त्यासाठी तड्यावर काचेची पट्टी किंवा खुणा बसवून तारखेसह मोजमाप ठेवतात. गाळ्याच्या मध्यभागी तुळईच्या तळाशी असलेला उभा तडा वाकण्याचा, तर आधाराजवळचा तिरका तडा कातर बलाचा निदर्शक असतो. दुसऱ्या प्रकारात पूल फारशी सूचना न देता निकामी होऊ शकतो, म्हणून तो अधिक गंभीर मानला जातो.

अविध्वंसक चाचण्या

पुलाला इजा न करता किंवा अत्यल्प इजा करून आतील स्थिती जाणून घेण्यासाठी पुढील चाचण्या वापरतात:

- हातोडीने ठोकणे: पोकळ आवाज आल्यास आतील थर सुटल्याचे समजते. ही सर्वांत जुनी व अजूनही उपयुक्त चाचणी आहे.
- प्रतिक्षेप हातोडा: स्प्रिंगवरील वजन पृष्ठभागावर आदळून किती मागे उसळते यावरून पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. कार्बनीकरणाने पृष्ठभाग कठीण होत असल्याने जुन्या काँक्रीटमध्ये हे मूल्य प्रत्यक्ष ताकदीपेक्षा जास्त येऊ शकते.
- स्वनातीत स्पंद वेग चाचणी: काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग मोजतात. आयएस १३३११ या भारतीय मानकानुसार सेकंदाला ४.५ किलोमीटरहून अधिक वेग उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगला, ३ ते ३.५ मध्यम आणि ३ हून कमी शंकास्पद मानला जात असे. नंतर या चाचणीचा समावेश आयएस ५१६ या मानकात करण्यात आला.
- फिनॉल्फ्थॅलिन चाचणी: नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर हे द्रावण फवारल्यास अल्कधर्मी भाग गुलाबी होतो आणि कार्बनीकरण झालेला भाग रंगहीन राहतो.
- अर्धघट विभव चाचणी: तांबे आणि मोरचूद यांच्या संदर्भ विद्युतअग्राच्या साहाय्याने सळईचे विभव मोजतात. ते उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असेल, तर गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक समजतात.
- भूभेदी रडार: सळया, केबलांच्या नळ्या, आवरणाची जाडी आणि मोठ्या पोकळ्या यांचे स्थान शोधता येते.
- गाभा नमुना: काँक्रीटचा दंडगोलाकार तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबाखाली तपासतात. आयएस ४५६ नुसार नमुन्यांची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के असावी आणि कोणताही एक नमुना ७५ टक्क्यांखाली नसावा.
- पोलादासाठी रंगद्रव भेदन, चुंबकीय कण आणि स्वनातीत चाचण्या: यांतून डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आढळतात.

कोणतीही एक चाचणी पुरेशी ठरत नाही. प्रतिक्षेप हातोडा पृष्ठभागाविषयी सांगतो, अर्धघट विभव गंजाच्या शक्यतेविषयी सांगते, परंतु सळईचा किती भाग शिल्लक आहे हे त्यावरून कळत नाही. म्हणून निरनिराळ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पडताळून पाहतात आणि संशयास्पद ठिकाणी आवरण फोडून सळईचा व्यास प्रत्यक्ष मोजतात.

भारवहन क्षमतेचे मूल्यमापन

स्थिती आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा पूल सुस्थितीत असूनही आजच्या वाहनांसाठी अपुरा असू शकतो, कारण तो हलक्या वाहतुकीसाठी बांधलेला असतो. उलट, काही ठिकाणी पोपडे सुटलेल्या पुलात पुरेशी राखीव ताकद असू शकते. मूळ आराखडे उपलब्ध असल्यास त्यांवरून, नसल्यास प्रत्यक्ष मोजमाप व चाचण्यांवरून पुलाचे गणिती प्रतिमान तयार करतात. गंजाने कमी झालेला छेद त्यात धरून सध्याच्या मानक वाहनभारांखाली येणारे ताण काढतात. भारतात यासाठी आयआरसी:एसपी:३७ ही मार्गदर्शिका आहे.

गणिताविषयी शंका राहिल्यास आयआरसी:एसपी:५१ नुसार भारचाचणी घेतात. गाळ्यावर वाळूच्या गोण्या किंवा भरलेली वाहने टप्प्याटप्प्याने ठेवून गाळ्याचा वाक मोजला जातो. पूर्ण भार २४ तास ठेवून काढल्यानंतर पुढील २४ तासांत प्रबलित काँक्रीटच्या पुलाने किमान ७५ टक्के आणि पूर्वताणित काँक्रीटच्या पुलाने किमान ८५ टक्के वाक भरून काढणे अपेक्षित असते. तापमानामुळेही गाळा वर-खाली होत असल्याने चाचणीत त्याची वजावट करावी लागते. दिलेला भार पुलाने त्या दिवशी पेलला, एवढेच या चाचणीने सिद्ध होते. गंज पुढे किती वेगाने वाढेल हे तिच्यावरून समजत नाही.

श्रेणीकरण

अनेक पुलांतून कोणत्या पुलावर आधी खर्च करायचा हे ठरवण्यासाठी तपासणीचे निष्कर्ष अंकांत मांडतात. अमेरिकेत पुलाचा पृष्ठभाग, वरची संरचना आणि खालची संरचना यांना ० ते ९ असे गुण दिले जातात. ९ म्हणजे उत्तम आणि ० म्हणजे निकामी. भारतात केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने २०१६ मध्ये भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. तीत राष्ट्रीय महामार्गांवरील पूल व मोऱ्यांना स्वतंत्र ओळख क्रमांक देऊन त्यांची माहिती व स्थिती नोंदवण्यात आली.

भारतीय रेल्वेत पुलाच्या एकूण स्थितीसाठी पुढील श्रेणी वापरतात:

- १: तातडीने पुनर्बांधणी आवश्यक
- २: नियोजित कार्यक्रमानुसार पुनर्बांधणी आवश्यक
- ३: मोठी किंवा विशेष दुरुस्ती आवश्यक
- ४: नेहमीची देखभाल पुरेशी
- ५: सुस्थितीत
- ६: लागू नाही
- ०: तपासणी झालेली नाही

रेल्वेच्या ३७ हजारांहून अधिक पुलांचे वय शंभर वर्षांपेक्षा जास्त असल्याची माहिती २०१० च्या दशकात देण्यात आली होती. त्यांपैकी बहुतांश पूल वापरात राहण्याचे एक कारण म्हणजे प्रत्येक पुलाची दरवर्षी नियमित तपासणी व नोंद ठेवण्याची जुनी पद्धत होय.

अनेक भागांच्या गुणांची सरासरी काढल्यास एखादा प्राणघातक दोष त्यात झाकला जाण्याची शक्यता असते. नवा डांबरी रस्ता, रंगवलेले कठडे आणि स्वच्छ नळ्या असलेल्या पुलाचे एक बेअरिंग निखळलेले असू शकते. म्हणून सर्वांत कमजोर पण अत्यावश्यक भागाची श्रेणीच पुलाची श्रेणी ठरवण्याची पद्धत अधिक सुरक्षित समजली जाते.

सततची देखरेख

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात पुलाचे वर्तन टिपण्यासाठी त्यावर संवेदक बसवतात. विकृतिमापक सदस्याचे सूक्ष्म ताणले जाणे मोजतो, कलमापक खांबाचे झुकणे दाखवतो, त्वरणमापक कंपने नोंदवतो आणि प्रकाशतंतूवर आधारित संवेदक लांब अंतरावरील विकृती व तापमान मोजतात. खांबालगत बसवलेल्या ध्वनिलहरींच्या उपकरणांनी पूर चालू असतानाच तळाची खोली मोजता येते, त्यामुळे खरवडीच्या देखरेखीत त्यांना विशेष महत्त्व आहे. हाँगकाँगमधील १९९७ मध्ये खुल्या झालेल्या त्सिंग मा पुलावर बसवलेली यंत्रणा ही मोठ्या प्रमाणावरील अशा देखरेखीच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक आहे.

प्रत्येक पुलाची स्वतःची नैसर्गिक कंप्रता असते. पुलाचा ताठपणा कमी झाला की ही कंप्रताही कमी होते. मात्र दिवस-रात्र व ऋतूंनुसार तापमान बदलल्यानेही कंप्रता बदलते आणि हा बदल कधीकधी नुकसानीमुळे होणाऱ्या बदलापेक्षा मोठा असतो. त्यामुळे पूल सुस्थितीत असतानाचे किमान एका पूर्ण वर्षाचे मोजमाप हाती असल्याशिवाय नंतरच्या नोंदींचा अर्थ लावणे कठीण जाते.

केबलमधील तार तुटताना होणारा सूक्ष्म आवाज टिपणारी ध्वनी-उत्सर्जन पद्धत पूर्वताणित पुलांसाठी उपयुक्त आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील १९७१ मध्ये पूर्ण झालेल्या कॅरोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४ रोजी पहाटे एल्ब नदीत कोसळला. त्या वेळी पुलावर कोणी नसल्याने जीवितहानी झाली नाही. तपासात ताणाखालील पोलादाच्या गंजभेगा हे मुख्य कारण आढळले. त्यानंतर उरलेल्या भागांवर अशा पद्धतीने लक्ष ठेवण्यात आले. ही पद्धत बसवल्यानंतर तुटणाऱ्या ताराच टिपते. त्याआधी किती तारा तुटल्या होत्या हे ती सांगू शकत नाही.

संवेदक केवळ जेथे बसवले आहेत तेथील माहिती देतात. कोणत्या मूल्याला इशारा द्यायचा, तो कोणाकडे जाईल आणि वाहतूक थांबवण्याचा अधिकार कोणाला असेल हे आधी ठरलेले नसल्यास देखरेखीचा हेतू साध्य होत नाही.

मर्यादा

दृश्य तपासणी ही परीक्षणाची मूलभूत पद्धत असली, तरी ती तपासणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असते. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४९ तपासनिसांकडून त्याच त्या पुलांची तपासणी करून घेण्यात आली. मुख्य भागांना दिलेल्या गुणांपैकी ९५ टक्के गुण सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन गुणांच्या पट्ट्यात विखुरलेले असतील, असा निष्कर्ष त्यातून निघाला. दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर हा फरक लक्षणीय आहे.

काही दोष पाहणीच्या आवाक्यातच नसतात. १५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेत ओहायो नदीवरील सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ जण मृत्युमुखी पडले. साखळीच्या एका पोलादी दुव्यातील सुमारे अडीच मिलिमीटर खोल भेग हे त्याचे कारण होते. सांधा सुटा केल्याशिवाय ती भेग दिसणे शक्य नव्हते आणि त्या दुव्याला पर्यायी आधारही नव्हता. या दुर्घटनेनंतर अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीची राष्ट्रीय मानके तयार झाली. २००७ मध्ये मिनियापोलिस येथे कोसळलेल्या आय-३५ डब्ल्यू पुलात सांध्यांवरील जोडपट्ट्या मूळ आराखड्यातच आवश्यक जाडीच्या सुमारे निम्म्या होत्या. त्या पुलाची नियमित तपासणी होत असे. परंतु तपासणी झीज शोधते, आराखड्यातील चूक शोधत नाही. १४ ऑगस्ट २०१८ रोजी इटलीतील जेनोवा येथे ४३ जणांचा बळी घेणाऱ्या मोरांडी पुलाचे तिरके आधार काँक्रीटने मढवलेले होते, त्यामुळे आतील पोलादाची स्थिती थेट पाहता येत नव्हती.

महाराष्ट्र आणि गोवा

गोव्यात पणजी येथील मांडवी नदीवरील पूर्वताणित काँक्रीटचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. केबलांचा गंज हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. ठाणे खाडीवरील १९७० च्या दशकात खुल्या झालेल्या पहिल्या पुलातही केबली गंजल्याचे आढळले. तेथे अवजड वाहतुकीवर मर्यादा घालून बाहेरून अतिरिक्त केबली बसवण्यात आल्या आणि नंतर शेजारी दुसरा पूल बांधण्यात आला. या दोन पुलांच्या अनुभवामुळे पश्चिम किनाऱ्यावरील काँक्रीटच्या टिकाऊपणाचा प्रश्न अभियंत्यांसमोर ठळकपणे आला.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ मधील दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. राज्य परिवहन महामंडळाच्या दोन बसगाड्या व इतर वाहने नदीत पडून त्यांतील प्रवासी मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती व तो वाहतुकीस योग्य आढळला होता, असे राज्य शासनाने दुर्घटनेनंतर सांगितले. मे महिन्यात कोकणातील नद्यांचे पाणी सर्वांत कमी असते. त्या वेळी पात्राच्या वरचा भाग चांगला दिसतो, पण पुराच्या वेळी पायाखाली काय होईल हे डोळ्यांनी केलेल्या पाहणीतून कळत नाही. या घटनेनंतर राज्यातील जुन्या पुलांच्या संरचनात्मक परीक्षणाला गती मिळाली. सावित्रीवरील नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला करण्यात आला.

मुंबईत ३ जुलै २०१८ रोजी अंधेरी येथील गोखले पुलाचा पादचारी भाग रेल्वेमार्गावर कोसळला. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील हिमालय पादचारी पुलाचा स्लॅब खाली पडून जीवितहानी झाली. हिमालय पूल आधीच्या संरचनात्मक परीक्षणात किरकोळ दुरुस्तीसह वापरण्यायोग्य ठरवण्यात आला होता. त्यामुळे परीक्षण झाले की नाही याबरोबरच ते किती खोलवर झाले, हा प्रश्नही चर्चेत आला.

परीक्षणानंतरचे निर्णय

परीक्षणाच्या निष्कर्षानुसार देखभाल, दुरुस्ती, बळकटीकरण, वाहनांच्या वजनावर मर्यादा, पूर्ण बंदी किंवा पाडकाम यांपैकी निर्णय घेतला जातो. बळकटीकरणासाठी बाहेरून केबली बसवणे, खांबांना काँक्रीटचे नवे आवरण देणे, कार्बन तंतूंचे पट्टे चिकटवणे, बेअरिंग बदलणे आणि पायाभोवती दगडांचे संरक्षण देणे असे उपाय केले जातात.

दुरुस्तीमुळे पुलावरील स्थिर भार वाढत असेल, तर क्षमतेचे गणित पुन्हा करणे आवश्यक असते. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील मोरबी येथील झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला झाल्यावर काही दिवसांतच कोसळला व १३५ जणांचा मृत्यू झाला. विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालानुसार एका मुख्य केबलच्या ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या होत्या व त्या दुर्घटनेपूर्वीच तुटल्या असण्याची शक्यता होती. दुरुस्तीत लाकडी फळ्यांऐवजी ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग बसवण्यात आला होता. मुख्य केबल मात्र बदलली नव्हती.

पूल बंद करण्याच्या निर्णयाची सामाजिक किंमत मोठी असते. गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये धोकादायक ठरवून बंद करण्यात आला, तेव्हा अंधेरी पूर्व आणि पश्चिम यांमधील वाहतुकीची दीर्घकाळ कोंडी झाली. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि उर्वरित भाग मे २०२५ मध्ये खुला झाला. मशीद बंदर येथील १८६८ मधील कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडण्यात आला आणि त्या जागी बांधलेला पूल जुलै २०२५ मध्ये वापरात आला. ग्रामीण भागात एकमेव पूल बंद झाल्यास शाळा, दवाखाना आणि बाजारपेठ यांच्याशी संपर्क तुटतो. यामुळे मर्यादा घालण्याचे निर्णय लांबणीवर पडतात किंवा घातलेली मर्यादा पाळली जात नाही.

पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा इशारा देणारा फलक तेथे लावलेला होता. त्यानंतर महिनाभरात, ९ जुलै २०२५ रोजी, गुजरातमध्ये मही नदीवरील १९८५ मधील गंभीरा पुलाचा गाळा चालू वाहतुकीत कोसळला आणि किमान २० जणांचा मृत्यू झाला.

या घटनांवरून परीक्षण व निर्णय यांमधील अंतर कमी करण्याची गरज अधोरेखित होते. वजनमर्यादा असलेल्या पुलाच्या दोन्ही टोकांना उंचीरोधक कमानी बसवणे, पायी वापरही बंद असल्यास मार्ग प्रत्यक्ष अडवणे, पुराची पाणीपातळी ठरावीक खुणेपर्यंत पोहोचताच वाहतूक थांबवणे आणि परीक्षण अहवालातील प्रत्येक शिफारशीसमोर जबाबदार अधिकारी व मुदत नोंदवणे हे त्यासाठी वापरले जाणारे उपाय आहेत. यांपैकी पुराची खूण खांबावर रंगवण्यास फारसा खर्च येत नाही. मात्र पाणी त्या खुणेला लागल्यावर रस्ता अडवणारी व्यक्ती व तिचा अधिकार आधी निश्चित असावा लागतो.

हे सुद्धा पहा

- पूल
- पूर्वताणित काँक्रीट
- सावित्री नदी
- ठाणे खाडी पूल
- मांडवी नदी
- भारतीय रेल्वे